विटांवर चढलेली मोटार

लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या डॉक्टरांची मोटार विटांवर चढली. चाकं काढून भिंतीला टेकवली, आसांखाली विटांचे ओटे रचले, वरून गोणपाटं टाकली आणि गाडीखान्याचं दार ओढून घेतलं. हात झटकत डॉक्टर म्हणाले, "लढाई संपेपर्यंत हिला आराम." माझा आराम मात्र त्या दिवसापासून गेला.

मी त्यांच्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना जालन्यात, कुंडलिकेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. मागे अंगण, अंगणाच्या एका कडेला गाडीखाना, दुसऱ्या कडेला माझी खोली. एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. या दिवाळीला परतूर, तर पुढच्या दिवाळीला बदनापूर. चुलीच्या भिंतीला नीट काजळी धरायच्या आत आमचं बिऱ्हाड हलायचं. पुढे लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा प्लेगात गेला, आणि सासरच्या माजघरात कोपरा धरून बसायची पाळी आली. तेव्हा मीच वडिलांच्या मागे लागून हैद्राबादला नर्सिंग शिकायला गेले. शिकून आल्यावर दोन ठिकाणी नोकरी मिळत होती. जालन्याची धरली, कारण तिथे मोटार होती.

खेड्यात बाळंतीण अडली की दवाखान्यात माणूस यायचा. बऱ्याच घरांत पुरुष डॉक्टर आत चालत नसे, म्हणून डॉक्टर मलाच पाठवत. अंबडकडे, भोकरदनकडे, पार जाफराबादपर्यंत मी त्या उघड्या मोटारीतून जायची. मांडीवर बॅग, पदराचं टोक दातांत, तोंडात धूळ. रस्ता पुढून येतोय आणि मागे पडतोय हे बघत बसलं की माझं डोकं शांत व्हायचं. परत येऊन खोलीचं दार लावलं की पुन्हा येरझाऱ्या सुरू.

मोटार चालवायचे ते चाचा. आधी ते एका जहागीरदाराकडे होते. जहागीरदाराने मोटार डॉक्टरांना विकली तेव्हा चाचाही मोटारीबरोबर आले. "मी गाडीच्या सामानात आल्तो," असं ते स्वतःच हसून सांगत. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. मोटारीला ते दर शुक्रवारी पुसून काढत, स्वतः आंघोळ करायच्या आधी.

मोटार बंद पडली ती इंजिनामुळे नव्हे. इंजिन ठणठणीत होतं. बंद पडली रबरामुळे. रबर यायचं मलायाकडून, आणि तो मुलूख जपान्याने घेतला. टायरला परवाना लागायला लागला. डॉक्टरांनी कचेरीत खेटे घालून एक टायर मिळवला, पण ट्यूब काही मिळाली नाही. शिवाय टायर-ट्यूब म्हणजे सगळं रबर नव्हे. रेडिएटरचं पाणी इंजिनात नेणाऱ्या दोन नळ्या, ज्यांना चाचा होज म्हणत, त्या सुकून तडकल्या होत्या. पंख्याच्या पट्ट्याचे दोरे लोंबत होते. पायाखालची रबरं खारी बिस्किटासारखी तुटत होती. भोंग्याचा रबरी फुगासुद्धा फाटला होता. दाबला की नुसती हवा फुसकन जायची.

"म्हातारी झाली बिचारी," चाचा म्हणाले. "हाडं चांगली हैत, पण कातडं गेलं."

मग मला बैलगाडीने जावं लागायला लागलं. बैलगाडीचा मला राग नाही, पण बैल त्याच्या चालीने चालतो आणि बाळंतीण तिच्या चालीने जाते. त्या उन्हाळ्यात अंबडच्या बाजूच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. सकाळी निघाले, ऊन कलल्यावर पोचले. गाडी गावात शिरली तर त्या घरापुढे बायका डोक्यावरून पदर घेऊन खाली बसलेल्या. कोणी काही सांगायच्या आधीच मला कळलं. मी बॅग न उघडता ओसरीवर बसून राहिले. घरची म्हातारी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "लय वाट पाह्यली वो बाई तुमची." एवढंच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर सोसलं असतं.

परतीच्या वाटेवर मी बऱ्याचदा खाली उतरून बैलांच्या पुढे चालत होते. गाडीवान म्हणाला, "बसा की बाई, तुमच्या चालण्यानं गाव जवळ येनार न्हाई." खरंच होतं ते. पण बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोग्यांची रांग संपल्यावर मी गाडीखान्याचं दार ढकललं. आत अंधार, उकाडा आणि रॉकेलचा वास. डोळे सरावले तेव्हा दिसलं, चाचा मोटारीत बसलेले. चाकं नाहीत, मोटार विटांवर, आणि हे आपले स्टिअरिंगच्या चक्रावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले. मला बघून दचकले आणि उगाच फडकं शोधायला लागले.

"चाचा, हिची रबरं मला दाखवा," मी म्हटलं.

"कायकू?"

"बघू तर द्या."

दवाखान्यातलं रबर मीच सांभाळायची. लढाईमुळे हातमोजेही मिळत नव्हते, नळ्याही नाहीत. एकेक मोजा मी फडक्यात गुंडाळून उकळायची, सावलीत वाळवायची, आतून-बाहेरून शंखजिऱ्याची पूड लावून अंधाऱ्या कपाटात ठेवायची. फाटला तर मेलेल्या मोज्याच्या मनगटाचा तुकडा कापून, पंक्चरचं सोल्यूशन लावून ठिगळ मारायची. रबराला ऊन सोसत नाही, घडी सोसत नाही आणि तेल तर बिलकुल सोसत नाही. हैद्राबादला आमची मोठी नर्स व्हॅसलिन लागलेल्या हातांनी मोजा चढवणाऱ्या मुलीच्या हातावर फटका मारायची.

आणि इथे होजवरून बोट फिरवलं तर बोट काळं, चिकट आणि तेलकट. वरची कातडी चिघळल्यासारखी, आतून मात्र लाकूड.

"याला काय लावत होता?"

"घासलेट. मंग वरून इंजनचं तेल. काय चमकायचं, बाईजी! जहागीरदारसाब तोंड पाहायचे त्याच्यात."

"तेलानेच मेलंय ते."

चाचांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "इतकी वर्षं मी गाडी सांभाळून राह्यलो, अन् तुम्ही मला सांगता? रबर हाये हे. जनावर न्हाई, की औषध दिलं की उठून बसंल."

ते उठून निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी एकटीच सुरुवात केली. खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा खाली काढल्या. टांगून टांगून त्यांना घडीच्या जागी चिरा पडल्या होत्या. त्या धुतल्या, पुसल्या, शंखजिरं चोळलं, थोडी थोडी हवा भरून माझ्या खोलीत खाटेखाली अंधारात ठेवल्या. पंप मारून मारून खांदे भरून आले, आणि त्या रात्री मला पडल्या पडल्या झोप लागली.

मग मी चूक केली. वरचा होज मोज्यासारखा उकळला. पातेल्यात असेपर्यंत तो मऊ झाला, इतका की मला वाटलं जिंकले. बाहेर काढून निवायला ठेवला, आणि संध्याकाळी हातात घेतला तर पापडासारखा मोडला. मी पायरीवर ते दोन तुकडे घेऊन बसले होते, तेव्हा चाचा आले. मला वाटलं आता हसतील. ते शेजारी बसले, तुकडे हातात घेऊन जुळवून पाहिले.

"जहागीरदारसाबकडे एक गोरा इंजिनेर यायचा," ते म्हणाले. "तो कडक झालेलं रबर नवसागराच्या कसल्या तरी पाण्यात भिजवायचा. डोळे झोंबायचे असा वास. मंग तुमचं ते गोड पाणी असतं न्हाई, कान दुखल्यावर घालता ते?"

"ग्लिसरीन?"

"हौ. ते चोळायचा."

झोंबणाऱ्या वासाचं पाणी म्हणजे अमोनिया. दोन्ही बाटल्या आमच्याच कपाटात होत्या. मी पळत गेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, कारण ते मला दिवसांसारखे आठवतच नाहीत. बादलीत पाणी, पाण्यात अमोनिया, त्यात खालचा होज, पायाखालची रबरं, दारांच्या फटीतल्या पट्ट्या. दर थोड्या वेळाने मी जाऊन झाकण उचलायची आणि बोटाने दाबून बघायची. चाचा ओरडायचे, "शिजून न्हाई राह्यलं ते! झाकण ठेवा." पुढच्या खोलीतले रोगी नाकाला उपरणं लावून बसत. जे रबर थोडंफार जिवंत होतं ते मऊ पडलं. जे मेलेलं होतं ते तसंच राहिलं. त्याला आम्ही दुसरा उपाय काढला. वरच्या होजच्या जागी चाचांनी तागाच्या जाड कापडाची पट्टी एका दांड्यावर गुंडाळली. प्रत्येक वेढ्याला मी सोल्यूशन फासलं, प्लास्टर घालतात तसं, आणि सुकल्यावर दांडा ओढून काढला. नळी झाली. वाकडी झाली, पण नळी झाली.

पंख्याचा पट्टा चांभारवाड्यातल्या एका कारागिराने जुन्या मोटेच्या कातड्यातून कापून दिला. "विहिरीतलं पाणी ओढलं यानं, मोटार काय चीज हाये," तो म्हणाला. टायर आतून फाटले होते तिथे दुसऱ्या मेलेल्या टायरचे तुकडे अस्तरासारखे बसवले. राहिला भोंगा. एनिमाच्या पिचकारीचा एक फुगा कपाटात पडून होता. तो भोंग्याच्या तोंडावर बरोबर बसला. आवाज मात्र बदलला. आधी रेड्यासारखा होता, आता बदकासारखा झाला.

डॉक्टर मागच्या दारात उभे राहून हे बघत होते. माणूस भला, पण सगळ्याची थट्टा करायची सवय. म्हणाले, "बाई, रोगी सोडून तुम्ही मोटारीला एनिमा द्यायला लागलात?"

"चालू झाली तर नेऊ का केसला?"

थट्टा थांबली. "अंगणात फिरवा हवं तर. रस्त्यावर नाही. वाटेत तुम्ही बसाल अडकून, आणि बोल मला लागेल."

दिवाळीच्या सुमारास चाकं चढवली. चाचांनी हँडल मारलं. आधी नुसता खोकला, मग धूर, मग अख्खा गाडीखाना थरथरला. तागाच्या होजमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. चाचांनी मोटार अंगणात पुढे आणली, मागे नेली, पुन्हा पुढे आणली. फाटक बंद होतं. फाटकाशी येऊन ते थांबायचे, आणि आम्ही दोघं फाटकाकडे बघायचो. असं रोज संध्याकाळी. खरं सांगायचं तर बंद मोटारीपेक्षा ही चालू मोटार मला जास्त छळत होती.

कापूस वेचणीच्या दिवसांत डॉक्टरांना हिवताप भरला. रजया, गोधड्या अंगावर घेऊन ते कुडकुडत पडले होते. सकाळी मी त्यांना कोयनेल देत होते, तेवढ्यात अंगणात तट्टू येऊन थांबलं. तट्टाच्या तोंडाला फेस. त्यावरून एक तरुण शेतकरी उतरला आणि तिथेच खाली बसला. जाफराबादच्या अलीकडे, पूर्णेच्या काठावरच्या गावातून आला होता.

"घरवाली बाळंत झाली काल," तो म्हणाला. "पोरगं बरं हाये. पर वार पडून न्हाई राह्यली. रगत थांबंना."

"किती रक्त जातंय? शुद्धीत आहे?"

"मी निंगालो तवा बोलून राह्यल्ती. पांढरी पडली पार." मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, मेली असंल का वो?"

मी डॉक्टरांकडे गेले. सांगितलं. त्यांचे दात वाजत होते. "बैलगाडी कधी पोचेल?" त्यांनी विचारलं.

"उद्या."

 मग त्यांनी रजई डोक्यावरून ओढून घेतली. ती परवानगी आहे असं मी धरलं.

बाहेर आले तर चाचा फाटक उघडत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

राजूरचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला. जालन्याच्या सरकी काढायच्या जिनांकडे निघालेल्या, पुरुषभर उंच ढिगांनी लादलेल्या गाड्या, आणि आमचा भोंगा बदकासारखा ओरडतोय. गाडीवान हसायचे, पण बाजूला व्हायचे. तो शेतकरी मागे माझी बॅग छातीशी धरून बसलेला. त्याचं तट्टू आम्ही दवाखान्यातच ठेवलं होतं. चाचा सारखे पुढे वाकून रेडिएटरच्या टोपणाकडे बघत होते. मी रस्त्याकडे. मोटारीतून जाताना माझं डोकं शांत होतं असं मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी झालं नाही. प्रत्येक खड्ड्याला मला ती ठिगळं दिसत होती: हे आम्ही लावलेलं, ते आम्ही चिकटवलेलं, कुठलं आधी सुटेल.

राजूर मागे पडलं, आणि टेंभुर्णीच्या अलीकडे वाफ निघाली. तागाचा होज एका टोकाला उसवला होता. चाचांनी मोटार एका विहिरीशी थांबवली. मोट चालू होती. मी उतरले, बँडेज आणि चिकटपट्टी काढली, गरम होजवर फडकं धरून आवळून आवळून वेढे दिले, वर तार पिळली. तेवढ्यात चाचांना दम निघेना. पाण्याची घागर उजव्या हातात धरून त्यांनी डाव्या हाताने टोपण फिरवलं.

"थांबा, चाचा!" असं मी म्हणेपर्यंत वाफेचा लोट उसळला. ते ओरडले नाहीत. हात छातीशी धरून गपकन खाली बसले. तळवा आणि मनगट पांढरं पडलं, मग लाल झालं. मी मोटेच्या पाण्यात हात धरायला लावला, बॅगेतलं मलम लावलं, पट्टी बांधली. त्यांचे ओठ हलत होते. कलमा असावा, की शिव्या, कळलं नाही.

"आता कसं वो?" तो शेतकरी म्हणाला. तो रस्त्यावर पुढे जाऊन परत यायचा, पुन्हा पुढे जायचा. पायी निघावं की थांबावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "बाईजी, तुम्ही बसा चक्रावर."

"मला येत नाही."

"अंगणात रोज पाहून राह्यल्या ना? क्लच पायाने तुम्ही दाबा. गेर मी टाकतो, उजवा हात साबूत हाये. मी सांगंल तसं करा."

मोटेवरच्या माणसाने हँडल मारलं. मी चक्रामागे बसले, चाचा माझ्या डाव्या अंगाला. "दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. त्यांनी दांडा पुढे ढकलला. "सोडा. आस्ते. आस्ते!" मी सोडलं, मोटार उडी मारून बंद पडली. पुन्हा हँडल. पुन्हा उडी. तिसऱ्यांदा ती चालली. मी चक्र इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखत होती, आणि मोटार माझ्या हातात जिवंत जनावरासारखी ओढ घेत होती. "रस्त्याकडे पाहा, हाताकडे नक्को!" चाचा ओरडले. एका गाडीचे बैल बुजले, मी भोंगा दाबायला विसरले, तर मागून तो शेतकरीच पुढे वाकून भोंगा वाजवायला लागला. दर थोड्या अंतराने थांबून घागरीतलं पाणी घालायचं, फडकं धरून, वाफ जाऊ देऊन. थांबलं की मला घाम फुटायचा. निघालं की पुन्हा बरं वाटायचं.

गावात शिरलो तेव्हा पोरं, कुत्री, सगळी मोटारीमागे. या वेळी घरापुढे कोणी बसलेलं नव्हतं. दाराला कांबळं लावलेलं, आतून धुराचा वास. म्हातारी सासू बाहेर आली.

"हाये का?" त्या माणसाने विचारलं.

"हाये. ये म्हन बाईला."

बाळंतीण खाटेवर, डोळे अर्धे मिटलेले. नाळ आत जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधून तो बाळंतिणीच्या मांडीला आवळला होता. नाडी बोटाखाली लागत होती, पण सुतासारखी. मी पाणी उकळायला सांगितलं, हात धुतले, ठिगळाचे मोजे चढवले. सासूला म्हटलं, "तिचं डोकं धरा, तिच्याशी बोलत राहा." म्हातारी बोलत राहिली, गाय व्याली त्याबद्दल, कपाशीबद्दल, कोणाच्या तरी लग्नातल्या भांडणाबद्दल. मी एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने वार सोडवत आणली, कडेकडेने, घाई न करता. माझ्या आयुष्यात मी इतकं सावकाश क्वचितच काही केलं असेल. वार हातात आली, पुरी आली. रक्त थांबवायचं अर्गटचं इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले. हळूहळू गर्भाशय मुठीसारखं आवळलं. रक्त ओसरलं, मग थांबलं.

खूप वेळाने तिने डोळे उघडून विचारलं, "ही कोन वो?"

"मोटारवाली बाई," सासू म्हणाली.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. म्हातारीने चाचांच्या हातावर कोरफडीचा गर लावला, माझं मलम पुसून टाकून. मी भांडले नाही.

दुसऱ्या दिवशी परत येताना मीच चालवली. तागाचा होज आता पुरता गळत होता, पण मागे पाण्याच्या घागरी भरून घेतल्या होत्या. जालन्यात शिरताना लोक थबकून बघत होते. डॉक्टर ताप उतरून अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी चक्रामागे मला पाहिलं, शेजारी चाचांचा बांधलेला हात पाहिला.

"जगली?"

"जगली."

"बरं," ते म्हणाले. खुर्चीतून उठून मोटारीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "त्या भोंग्याचं काहीतरी करा. लाज आणतो."

चाचांचा हात बरा झाला, पण बोटं पुरती मिटेनात. त्यामुळे ते शेजारी बसून गिअर टाकत, मी चालवत असे. पुढे मी गिअरही शिकले, पण त्यांना ते सांगायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. एका सकाळी त्यांच्या आधीच दांडा टाकला गेला, तेव्हा ते म्हणाले, "हौ का? मंग मी आता फक्त बसून राहू?" आणि खरंच, त्यानंतर ते मागच्या सीटवर जहागीरदारासारखे बसायला लागले.

लढाई संपल्यावर बाजारातल्या मारवाडी व्यापाऱ्याकडे कागदात गुंडाळलेल्या नव्या ट्यूबा आल्या, होज आले. नवं रबर बसवायला दोन तास लागले. अमोनिया नाही, ग्लिसरीन नाही, काही नाही. आम्ही दोघं हात पुसत उभे राहिलो आणि काय करावं ते कळेना.

चाचा पुढे मुलीकडे हैद्राबादला गेले. ते साल संस्थान विलीन होण्याच्या गडबडीचं होतं, रस्त्यावर कोण भेटेल याचा भरवसा नव्हता, आणि डॉक्टरांनीही फिरणं बंद केलं. स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले होते. डब्याच्या दारातून ते म्हणाले, "बाईजी, एका जागी बसू नका. तुम्हाला न्हाई सोसणार." गाडी हलली, मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.

मोटार डॉक्टरांनी विकली. घेणाऱ्याला मोटार नको होती, इंजिन हवं होतं. मीही जालना सोडलं, अंबड तालुक्यात सरकारी दवाखान्यात लागले. तिथे असताना एका गावात केसला गेले तेव्हा पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकला आणि थांबले. शेडमध्ये सिमेंटच्या ओट्यावर आमच्या मोटारीचं ते इंजिन बोल्टांनी आवळून बसवलेलं होतं. पट्टा फिरत होता, जातं फिरत होतं, ज्वारीचं पीठ उडत होतं. बायका डोक्यावरून पाट्या उतरवत होत्या. गिरणीवाला अभिमानाने म्हणाला, "मोटारीचं हाये बाई, एकदम बराबर चालतं. दिवसभर चालू ठेवलं तरी तक्रार न्हाई."

मी जवळ जाऊन होजवर बोट ठेवलं. चांगलं होतं, मऊ होतं. इंजिन सगळ्या अंगाने थरथरत होतं, आणि जागचं हलत नव्हतं. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर आले, गाडीवानाला म्हटलं, "हाक." तो म्हणाला, "बैलांनी पानी प्यायलं न्हाई अजून." मग मी पायीच पुढे निघाले.